मदुरेचा पाय आणि मुंबईचा डॉक्टर

पावसाळ्यात चिखलातून अनवाणी हिंडणाऱ्याच्या बोटांत चिखल्या होतात, घामाने भिजलेल्या अंगावर गजकर्ण उठते, नायटा पसरतो. ही सारी बुरशीची कामे. पण त्यांना रोग म्हणण्याइतका मान आपण सहसा देत नाही. कुणीतरी सांगितलेले मलम लावावे, खाज थांबली की विसरून जावे, हीच आपली रीत. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हे दोन शब्द घरोघर पोचले आणि बुरशी माणसाचा डोळा, जबडा, प्रसंगी प्राणही नेऊ शकते हे पुष्कळांना प्रथमच उमगले. त्या नावात एक चूक होती. ती बुरशी मुळात काळी नव्हे. तिने रक्तवाहिन्या कोंडल्यामुळे मेलेले मांस काळे पडते. आज ज्या बुरशीविषयी बोलावयाचे आहे ती मात्र स्वतःच काळी आहे, तिचे काळेपण हेच तिचे चिलखत आहे, आणि तिला प्रथम शास्त्राच्या कक्षेत आणले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका शिक्षकाने. मीही शिक्षकाच्याच पेशातला, म्हणून त्या माणसाविषयी मला थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

रोगाची हकीकत अशी. शेतात, रानात काम करणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो. आमच्या लहानपणी बाभळीचा काटा मोडला की सुई तापवून तो काढीत आणि वर बिब्ब्याचा चटका देत. दोन दिवस लंगडावे की झाले. शंभरांतल्या नव्व्याण्णव काट्यांचे असेच होते. एखाद्याच्या बाबतीत मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या जागी एक टणक गाठ येते. ती दुखत नाही. ती वाढते, शेजारी दुसरी येते, पाऊल सुजून बेढब होते; मग गाठींना तोंडे फुटतात आणि त्या नाडीव्रणांतून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर पडू लागतात. कुणाचे दाणे पिवळट-पांढरे, माशाच्या गाबोळीसारखे. कुणाचे काळेकुट्ट, बंदुकीच्या दारूसारखे. रोग त्वचेखालून मांसात, मांसातून हाडात उतरतो. आणि इतके होऊनही बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या पायासाठी गरीब माणूस मजुरी बुडवून वैद्याकडे जात नाही. जेव्हा जातो तेव्हा पाय कापण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर उरलेले नसते.

आपल्या देशाला हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘वल्मीक’ नावाचा एक विकार वर्णिलेला आहे. तळहात, तळपाय अशा जागी वारुळासारखी उंचवट्यांची गाठ येते आणि तिच्या अनेक तोंडांतून स्राव वाहतो, असे ते वर्णन आहे. सुश्रुताचा वल्मीक म्हणजे हाच रोग, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वारुळाची उपमा ज्याला सुचली त्याने असा पाय पाहिला असावा, असे वाटते खरे. राजस्थानातही लोकांनी याला मुंग्यांच्या नगराचे नाव दिले. वैद्याला आणि शेतकऱ्याला स्वतंत्रपणे एकच चित्र सुचावे, यात त्या पायाचे रूप पुरते आले. किती झाले तरी वारूळ हे घर आहे. आत कुणीतरी राहते.

इंग्रजी वैद्यकाच्या कागदपत्रांत हा रोग 1842 साली येतो. मदुरेच्या दवाखान्यातील गिल नावाच्या डॉक्टराने त्याची नोंद केली, आणि चार वर्षांनी, 1846 साली, त्याच ठिकाणच्या कोलब्रुकने ‘मदुरा पाय’ हे तिथले बोलीतले नाव लिहून ठेवले. तेव्हापासून मदुरेसारख्या देवालयांच्या नगरीचे नाव एका कुरूप पायाला चिकटले ते आजतागायत. गावांच्या नावांवर असा अन्याय वैद्यकात वारंवार होतो. या रोगाला मदुरेचे विशेष प्रेम आहे असे मुळीच नाही. राजस्थान, गुजरात, तामिळनाडू, महाराष्ट्र, आणि हिंदुस्थानाबाहेर सुदान, सोमालिया, सेनेगाल, मेक्सिको अशा उष्ण कटिबंधाच्या रुंद पट्ट्यात तो सर्वत्र आहे.

हेन्री व्हँडाइक कार्टर हा 1831 साली इंग्लंडात हल येथे जन्मला. बाप चित्रकार, मुलाचे मधले नावही एका थोर चित्रकाराचे ठेवलेले. मुलाने वैद्यक निवडले, पण हातातली रेषा सुटली नाही. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात असताना हेन्री ग्रे या सहकाऱ्याने लिहिलेल्या शरीररचनेच्या ग्रंथासाठी त्याने सारी चित्रे काढली. हा ग्रंथ 1858 साली निघाला, आणि आजही ‘ग्रेज ॲनाटमी’ या नावाने जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती असतो. ज्या चित्रांनी ग्रंथाला कीर्ती मिळाली त्यांच्या कर्त्याला एकदाच दीडशे पौंड मिळाले, आणि शीर्षकपृष्ठावर त्याचे नाव ग्रेच्या नावाहून लहान टायपात छापले गेले. पुस्तक बाहेर पडले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. त्याच वर्षी तो मुंबईस येऊन दाखल झाला होता आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागला होता.

ते कॉलेज आणि शेजारचे जमशेटजी जिजीभाई रुग्णालय ही दोन्ही 1845 ची. डॉ. भाऊ दाजी लाड याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. कार्टर आला तेव्हा कॉलेज जेमतेम तेरा वर्षांचे होते, देशी विद्यार्थ्यांची एक पिढी शिकून बाहेर पडली होती, आणि रुग्णालयात असे रोगी येत होते की ज्यांच्या दुखण्याचे नाव लंडनच्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. मदुरा पायाचे रोगी त्यांपैकीच. पाय कापला जाई. कापलेला पाय कार्टरकडे येई. तो त्याचे काप घेई, दाणे वेचून सूक्ष्मदर्शकाखाली धरी आणि जे दिसेल ते काढी. ज्याने माणसाचे निरोगी शरीर नस नि नस रेखाटले होते, तो आता रोगाने पोखरलेले पाऊल त्याच निष्ठेने रेखाटू लागला.

काळ्या दाण्यात त्याला तंतू दिसले. बारीक, फांद्या फुटलेले, एकमेकांत गुंतलेले, कडेला फुगीर पेशी असलेले तंतू, बुरशीचे असतात तसे. 1860 साली मुंबईच्या वैद्यकीय व भौतिक मंडळाच्या वृत्तान्तात त्याने हा रोग बुरशीमुळे होतो असे मांडले, आणि लवकरच त्याला ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले.

या विधानाचे धाडस लक्षात यावयाचे तर साल पाहिले पाहिजे. रॉबर्ट कॉखने काळपुळीच्या जंतूचे काम प्रसिद्ध केले ते 1876 साली, क्षयाचा जंतू दाखविला तो 1882 साली. कार्टर त्याच्या सोळा वर्षे आधी बोलत होता. बुरशीवाल्यांचा एक छोटासा वंश मात्र त्याच्या मागे होता. इटलीच्या अगोस्तिनो बासीने 1835 साली रेशमाच्या किड्यांचा पांढरा रोग बुरशीने होतो हे दाखवून दिले होते; 1839 साली शोनलाइनने खवड्यासारख्या डोक्याच्या रोगात बुरशी पाहिली होती. सूक्ष्म जीव रोग निर्माण करतात हा विचार जिवाणूंच्या आधी बुरशीच्या वाटेने शास्त्रात शिरला. तरीही माणसात दिसलेली ती बुरशी त्वचेवरची होती. जिवंत माणसाच्या मांसात आणि हाडात बुरशी वर्षानुवर्षे घर करून राहते, हे म्हणणे नवे होते.

आणि इथेच कार्टर घसरला. मायसेटोमा झालेल्या पायांचे नमुने बाटल्यांत ठेवलेले असत. त्यांपैकी काहींवर तांबूस रंगाची एक बुरशी उगवलेली आढळली. दाण्यातली बुरशी शरीराबाहेर मोकळी वाढली म्हणजे अशी दिसते, असे कार्टरला वाटले. नमुना विलायतेस रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कले यांच्याकडे गेला. हे नॉर्दम्प्टनशायरातील एक धर्मोपदेशक. आयर्लंडात दुष्काळ पाडणाऱ्या बटाट्याच्या करप्यामागे बुरशीच आहे हे 1846 साली ठासून सांगणारे. बुरशीच्या बाबतीत त्या काळी त्यांच्याहून मोठा अधिकारी नव्हता. त्यांनी त्या तांबूस बुरशीला कार्टरचे नाव जोडून एक लॅटिन नाव बहाल केले, आणि आरोपी जणू हाती लागला. प्रत्यक्षात ती बुरशी बाटलीत नंतर शिरलेली परकी होती, शिळ्या भाकरीवर येते तशी. रोगाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

हे उघडकीस येताच सारे विधानच संशयाच्या भोवऱ्यात सापडले. कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम या दोघा सरकारी संशोधकांनी 1875 साली अहवाल प्रसिद्ध केला. बुरशी हे रोगाचे कारण नव्हेच, आधी मांस बिघडते व मग त्यात काय ते उगवते, असा त्यांचा सूर होता. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. दाण्यांतून बुरशी वाढवून दाखवा, असे कार्टरला कुणी म्हटले असते तर त्याला ते जमले नसते. त्या काळी ते कुणालाच जमत नव्हते. चुकीच्या साक्षीदारामुळे खरा खटला हरावा, असा हा प्रकार झाला.

पण त्याच्या हाती एक गोष्ट होती जी तांबूस बुरशीबरोबर वाहून गेली नाही. 1863 पासून 1872 पर्यंत तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. 1874 साली लंडनला त्याचा या रोगावरचा ग्रंथ निघाला, त्याला स्वतःच्या हातची रंगीत चित्रे होती. त्यात त्याने रोगाचे मुख्यतः दोन प्रकार वेगळे ठेवले, फिकट दाण्यांचा आणि काळ्या दाण्यांचा. चित्रकाराचा डोळा रंगाला फसत नाही. दोन्ही पाय बाहेरून सारखेच बेढब, दोन्हींचा शेवट करवतीखाली. तरी दोन रंग म्हणजे दोन वस्तू असाव्यात हा आग्रह त्याने सोडला नाही. कारण काय ते ठाऊक नव्हते. फरक तेवढा जपून ठेवला.

त्या फरकाचे मोल वीस वर्षांनी कळले, आणि ते कळण्यात मुंबईचाच दुसरा एक माणूस होता. डॉ. नसरवानजी सर्व्हेयर हे मुंबईचे पारशी डॉक्टर. 1894 साली त्यांनी रूबर्ट बॉइस यांच्यासमवेत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला की मदुरा रोगात एकाहून अधिक परोपजीवी आहेत. काळ्या दाण्यात खरी बुरशी आहे. फिकट दाण्यातला जीव निराळा, गुरांच्या जबड्यात गाठी आणणाऱ्या तंतुमय जिवाणूंच्या जातीचा. त्याच वर्षी फ्रेंच लष्करी डॉक्टर व्हँसाँ याने अल्जीरियात फिकट दाण्यांतला तो जिवाणू काचनळीत वाढवून दाखविला. 1898 साली बॉस्टनच्या राइटने काळ्या दाण्यांतून बुरशी वाढविली. पुढे 1905 साली फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुम्प्टने तिच्या वंशाला ‘मदुरेला’ असे नाव दिले. मदुरा पुन्हा एकदा लॅटिनमध्ये गेली. कार्टर हे सारे पूर्ण होण्याआधीच, 1897 साली, स्कारबरो येथे क्षयाने वारला. मधल्या काळात तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला होता. 1877 च्या दुष्काळात मुंबईत पसरलेल्या उलटणाऱ्या तापाचे जंतू रोग्यांच्या रक्तात त्याने पाहिले होते आणि तो ताप स्वतःही भोगला होता.

आज रोग्याच्या पायातून निघालेला दाणा फिकट आहे की काळा, या प्रश्नावर पायाचे भवितव्य बरेचसे ठरते. नुसत्या डोळ्यांवर भागत नाही, प्रयोगशाळेची खातरजमा लागते, कारण काही बुरशींचे दाणेही फिकट असतात. पण काळा दाणा म्हणजे बुरशी, हे ठाम. जिवाणूचा मायसेटोमा असेल तर प्रतिजैविके आहेत, ती काही महिने चिकाटीने घेतली तर बहुतेक रोगी दोन पायांवर घरी जातात. बुरशीचा असेल तर एक वर्ष, दीड वर्ष, त्याहूनही अधिक काळ गोळ्या. त्यांच्या जोडीला शस्त्रक्रिया. आणि इतके करूनही रोग पुन्हा उगवत नाही अशी हमी नाही. प्रश्न असा, की बुरशी मारणारी औषधे काचेच्या ताटलीत मदुरेलाला छान मारतात, मग पायात का हरतात?

याचे उत्तर दाण्यात आहे, आणि गेल्या दोन-तीन दशकांतले संशोधन मुख्यतः या दाण्याभोवतीच फिरते आहे.

प्रयोगशाळेतल्या ताटलीत मदुरेला ही साधी बुरशी असते. तंतू पसरून सपाट वाढते. दाणे ती तिथे सहसा करीत नाही. दाणा ती करते तो जिवंत शरीरात, जिथे तिच्यावर हल्ला होतो तिथे. काट्याबरोबर आत शिरलेल्या बुरशीवर पांढऱ्या पेशी धावून येतात. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या मेलेल्या थरात राहून हा संघर्ष टाळते. मदुरेला तो टाळू शकत नाही, कारण ती शिरते तीच रक्तामांसाच्या मधोमध. म्हणून ती भिंत बांधते. तंतू एकमेकांत दाट गुंफले जातात, कडेला जाड भिंतीच्या फुगीर पेशी तयार होतात (कार्टरने काढलेल्या त्या याच) आणि सगळ्या फटींतून एक कठीण, सिमेंटासारखा पदार्थ भरला जातो. गंमत अशी की या सिमेंटात केवळ बुरशीचाच माल नसतो. रोग्याच्या शरीरातील द्रव्येही त्यात चिणली जातात. शत्रूच्याच विटा वापरून किल्ला बांधावा, तसे. अगदी बाहेर पांढऱ्या पेशींचा वेढा पडतो, आत शिरण्याचा प्रयत्न करतो. पेशी मरतात, त्यांचा पू होतो, नव्या येतात. हा वेढा पाच-दहा वर्षे चालू शकतो. मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको की किल्ला नेटका असेल तर वेढ्यात थकतो तो बहुधा वेढा घालणारा.

आणि दाण्याचा काळा रंग. तो मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांना आणि त्वचेला काळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याच्याच घराण्याचा. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी प्राणवायूपासून बनलेली अतिशय दाहक द्रव्ये त्यांच्यावर सोडतात; मेलॅनिन ती टिपून निष्प्रभ करते. एवढ्यावर भागत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2007 साली दाखविले की ताटलीत बुरशीसोबत मेलॅनिन असेल तर इट्राकोनाझोलसारखे औषध लागू पडावयास अनेक पटींनी अधिक मात्रा लागते. म्हणजे जे काळेपण पांढऱ्या पेशींना रोखते तेच डॉक्टरलाही रोखते. तांबूस बुरशीमागे धावताना कार्टरची नजर दाण्यावरून तात्पुरती हटली, हे मला त्याचे सर्वांत मोठे दुर्दैव वाटते. उत्तर त्याच्या चित्रातल्या काळ्या ठिपक्यात होते.

दाणा कसा घडतो हे घडताना पाहावयाचे तर मोठी अडचण होती, कारण माणसाच्या पायात तो घडतो तेव्हा कुणाला पत्ताच नसतो. उंदराचा प्रयोग खर्चिक आणि कटकटीचा. 2015 साली रॉटरडॅमच्याच प्रयोगशाळेने एक अनपेक्षित मार्ग काढला. मधमाशांच्या पोळ्यांचा नाश करणारा मेणकिडा आपल्याकडील मधपाळांना चांगला ठाऊक आहे. त्याच्या अळीत मदुरेला टोचली तर तिच्या शरीरात खरेखुरे, काळे दाणे होतात, तेही काही दिवसांत. अळीला पांढऱ्या पेशींसारख्या स्वतःच्या रक्षक पेशी असतात आणि ती माणसाच्या अंगाच्या उष्णतेतही जगते. या दोन गुणांमुळे ती या कामी उपयोगी पडली. आता दिवसादिवसाने दाणा पाहता येतो: आधी रक्षक पेशींचा घोळका, मग त्यांच्यात गुंतलेले तंतू, मग सिमेंट, शेवटी टणक काळी गोळी. पोळी पोखरणाऱ्या किड्याने वारुळाच्या रोगाचे गूढ उकलण्यास हात द्यावा, हे एखाद्या पंचतंत्री गोष्टीत शोभले असते.

आणखी एक गोष्ट या संशोधनातून पुढे आली. सुदानमधील ज्या भागात रोग आहे तिथल्या मातीत आणि काट्यांवर मदुरेलाच्या जनुकद्रव्याचा मागमूस सापडतो. आणि तिथल्या पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. याचा अर्थ, गाठ अनेकांशी पडते, घर ती थोड्यांच्याच पायात करते. का, याचे उत्तर माणसामाणसांच्या पांढऱ्या पेशींमधल्या जन्मजात फरकांत असावे, असे दिसू लागले आहे.

सुदानचे नाव वारंवार येते याला कारण आहे. या रोगाचे सर्वांत मोठे रुग्णालय आणि संशोधन एकाच छपराखाली होते ते खार्टूमला. 1991 साली डॉ. अहमद हसन फहाल यांनी तिथे मायसेटोमा संशोधन केंद्र उभारले. दूरदूरच्या खेड्यांतून बैलगाडी, मालमोटार, मिळेल त्या वाहनाने रोगी तिथे येत. 2016 साली जागतिक आरोग्य परिषदेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले, त्यामागे याच केंद्राचा रेटा होता. ‘दुर्लक्षित’ हा शब्द सरकारी असला तरी खरा आहे. कारण या रोगासाठी म्हणून एका औषधाची शिस्तशीर कसोटी पहिल्यांदा सुरू झाली ती 2017 साली, कार्टरच्या निबंधानंतर एकशे सत्तावन्न वर्षांनी! तोवर केटोकोनाझोल व इट्राकोनाझोल यांवर भागविले जात होते. त्यांपैकी पहिले यकृताला घातक म्हणून 2013 साली पाश्चात्त्य देशांत मागे पडले. दुसरे महाग, आणि रोज दोनदा घ्यावयाचे.

खार्टूमच्या त्या कसोटीत 104 रोगी होते. फॉसरावुकोनाझोल हे जपानी औषध आठवड्यातून एकदा घ्यावयाचे. त्याची तुलना रोजच्या इट्राकोनाझोलशी केली गेली. निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. नवे औषध जुन्यापेक्षा सरस ठरले नाही. पण त्याच्या पंगतीला बसण्याइतके निघाले. ज्यांनी चमत्काराची अपेक्षा केली असेल त्यांची निराशा झाली. मला मात्र यात चांगली बातमी दिसते. ज्या माणसाचे गाव दवाखान्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि ज्याला वर्षभर औषध घ्यावयाचे आहे, त्याला दिवसातून दोनदा आणि आठवड्यातून एकदा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

निष्कर्ष छापून आले तेव्हा ते केंद्र चालू नव्हते. एप्रिल 2023 मध्ये सुदानात यादवी युद्ध पेटले आणि खार्टूम रणभूमी झाले. 2025 साली तिथून आलेल्या बातम्यांत केंद्राची इमारत उद्ध्वस्त झाल्याचे कळले. शीतपेट्यांत जपून ठेवलेले, चाळीस वर्षांत जमविलेले नमुने आणि नोंदी नष्ट झाल्या. त्यांतला एकेक नमुना म्हणजे कुणाच्या तरी पायातून निघालेला दाणा होता. औषधे अर्धवट टाकून रोगी पांगले. रोग मात्र कुणाच्या युद्धासाठी थांबत नाही, आणि दुखत नसल्यामुळे त्याची आठवणही होत नाही.

कार्टरच्या दैनंदिन्या आणि पत्रे लंडनच्या वेलकम संग्रहात सुरक्षित आहेत. 1874 ची ती रंगीत पावलेही आज पाहावयास मिळतात. आणि खार्टूमच्या रोग्यांच्या दाण्यांतून वाढविलेल्या काही बुरशी युद्धाच्या पुष्कळ आधी संशोधनासाठी रॉटरडॅमला पाठविल्या गेल्या होत्या. 2016 साली मदुरेलाचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला तो अशाच एका सुदानी रोग्याच्या बुरशीवरून. त्या रोग्याचे नाव शास्त्रीय निबंधात नाही. त्याच्या पायातल्या बुरशीला एक क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाने ती तिथे अजून वाढविली जाते.